टायर फुटला, एवढ्यावर अहवाल संपत नाही

‘चालत्या वाहनाचा टायर अचानक फुटल्याने चालकाचा ताबा सुटला व वाहन उलटले.’ विम्याचा सर्व्हेयर म्हणून हे वाक्य मी वर्षानुवर्षं लिहीत आलो. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, महासमुंद, बिलासपूर या पट्ट्यात अपघात झालेल्या मालवाहू गाड्या बघायच्या, नुकसान ठरवायचं आणि कारण लिहायचं, हे माझं काम. कारणाच्या रकान्यात टायर आला की पुढे काही विचारायचं उरत नाही, असं मला मनापासून वाटायचं. टायर ही रबराची वस्तू. कधी, कुठे जाईल याचा भरवसा नाही. गेला तर तो नशिबाचा भाग. आज माझं मत अगदी वेगळं आहे. ते बदलायला बराच काळ लागला आणि बदलून ते एका जागी थांबलंही नाही. आधी एका बाजूला गेलं, मग तिथूनही पुढे सरकलं. म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

माझं आधीचं मत हवेतून आलेलं नव्हतं. मे महिन्याच्या शेवटी नौतपा लागतो तेव्हा रायपुरात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, दुपारचं डांबर चपलेला चिकटतं, आणि नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला टायरच्या सोललेल्या पट्ट्या पडलेल्या दिसतात. त्याच दिवसांत माझ्याकडे येणारी प्रकरणंही वाढायची. ऊन हे कारण समोर धडधडीत उभं असताना दुसरं शोधायला कोण जाणार? शिवाय या धंद्यातली सगळी बोलणी कंपन्यांभोवती फिरायची. अमक्याचा टायर लाखभर किलोमीटर जातो, तमक्याचा निम्म्यातच बसतो. मधल्या काळात चिनी रेडियल स्वस्तात मिळायचे. त्यांना शिव्या देणारे आणि तेच घालणारे रायपूरच्या टाटीबंधला एकाच टपरीवर चहा प्यायचे. जुने मालक सांगायचे की नायलॉनला तोड नाही, रेडियलची कड पातळ असते, तिला बोजा झेपत नाही. यात थोडं तथ्यही होतं. नायलॉन टायरच्या जाड थरांच्या कडा वेडावाकडा बोजा आणि दगडधोंडे जास्त सोसतात, हे खाणीकडच्या रस्त्यांवर गाड्या चालवणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असतं. पण या सगळ्या चर्चेत प्रश्न एकच असायचा, टायर चांगला की वाईट. त्याच्यावर काय आणि किती लादलं होतं हे विचारणारं त्या टपरीवर कोणी नव्हतं, आणि मीही त्यांच्यातलाच एक होतो.

मतात पहिली फट पडली ती रायपूरच्या भनपुरीत. एका ट्रेलरच्या प्रकरणात मालकाचं म्हणणं होतं की टायर कंपनीतूनच सदोष आला. खरंखोटं करायला कोणाला तरी दाखवावं म्हणून फुटलेला टायर घेऊन मी रिमोल्डचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. टायरवर नवं रबर चढवायचं तर आतलं केसिंग धड आहे की नाही हे आधी ओळखावं लागतं. त्यावरच त्यांचा धंदा. त्यांनी टायरची वरची नक्षी पाहिलीच नाही. पहार घालून तोंड फाकवलं, आत टॉर्च मारली आणि कडेच्या आतल्या बाजूने सावकाश बोटं फिरवली. मग मलाही तसंच करायला लावलं. बोटांना बारीक सुरकुत्या लागल्या, कडेभोवती गोल फिरलेल्या. तिथला रंग निळसर काळा झाला होता. तळाशी रबराचा भुसा साठला होता, चिमटीत येईल इतका. कडेतल्या पोलादी तारा एकीशेजारी एक अशा ओळीने तुटल्या होत्या. टायरच्या तांत्रिक पुस्तकांत या फाटीला ‘झिपर’ म्हणतात. त्यांचा निर्वाळा असा होता की हा टायर कमी हवेवर बराच काळ पळवलेला आहे. कंपनीचा दोष यात त्यांना दिसत नव्हता.

त्यानंतर मी तिकडे वारंवार जाऊ लागलो, कामाशिवायही. दगडावर आदळून गेलेल्या टायरला आतून फुलीच्या आकाराची चीर पडते, हे तिथे पाहिलं. नक्षीचा पट्टा सोलून निघालेल्या टायरमध्ये दोन थरांच्या मधली जागा कधी खरबरीत असते, कधी घासून गुळगुळीत झालेली असते. गुळगुळीत असेल तर समजायचं की थर सुटायला आधीच सुरुवात झाली होती आणि सुटलेले थर एकमेकांवर घासत गाडी धावत होती. म्हणजे रस्त्यावर जो आवाज होतो तो शेवटचा. टायर खचायला लागतो तो त्याच्या कितीतरी आधी, आणि त्या काळात कोणीही हात लावून पाहिलं असतं तर कळलं असतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर नशिबाच्या रकान्यात टायर टाकणं मला जड जाऊ लागलं.

इथे थोडं आतलं गणित सांगायला हवं, कारण माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते या गणिताने. बोजा रबर उचलत नाही, मुख्यतः आतली हवा उचलते. रबर, नायलॉन, पोलादी तारा ही त्या हवेला कोंडून ठेवणारी भांडी. एका टायरवर सव्वादोन टन भार आणि आत १२० पौंड हवा असेल, तर तो टायर रस्त्याला साधारण दोन पोस्टकार्डांएवढ्या जागेत टेकलेला असतो. हवा कमी झाली की तेवढाच भार उचलायला टायर जास्त बसतो, कड जास्त वाकते, प्रत्येक फेऱ्यात वाकून सरळ होते, आणि या वाकण्यातून आत उष्णता तयार होते. बाहेरचं ऊन त्यात भर घालतं एवढंच. रबर आणि तारा यांची पकड या आतल्या उष्णतेने सुटते. बोजा जास्त भरला तरी हेच होतं, कारण कमी हवा आणि जास्त बोजा ही टायरच्या दृष्टीने एकच गोष्ट आहे.

उन्हाळ्यात तर ढाब्यावर होणारं एक काम टायरच्या जिवावर उठतं. पहाटे टायर थंड असताना, तीस अंशाला, १२० पौंड हवा भरलेली असते. दुपारी टायर तापून आतली हवा सत्तर अंशांवर गेली की मीटर १३८ च्या आसपास दाखवतो. चालक घाबरतो, फुटेल म्हणून वरची हवा सोडून देतो आणि काटा पुन्हा १२० वर आणतो. रात्री टायर निवतो तेव्हा आत उरते साधारण १०४ पौंड. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली टायर उपाशी राहतो, आणि दुसऱ्या दिवशीचा सगळा प्रवास त्याच हवेवर होतो. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणारे खलासी मी खूप पाहिलेत. रिकामा टायर त्यांना नक्की कळतो. पण १२० आणि १०० यांतला फरक आवाजात येत नाही. त्यासाठी मीटरच लागतो आणि तोही टायर थंड असताना.

आता बोज्याचं. रायपूरच्या आसपास माल म्हणजे मुख्यतः लोखंड. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि पुढे उरला, सिलतरा इथे स्पंज आयर्न आणि सळयांचे कारखाने उभे राहिले. बराच माल रेल्वेने जातो, उरलेला ट्रेलरने. लोखंडाची अडचण अशी की ते डोळ्याला फसवतं. एका घनमीटरला पावणेआठ टनांहून थोडं जास्त वजन. चाळीस फुटी ट्रेलरवर पस्तीस टन सळई भरली तरी थर गुडघ्याच्या खालीच राहतो आणि गाडी जवळजवळ रिकामी वाटते. आणखी चार बंडल टाकले तर बघणाऱ्याला फरक दिसत नाही. याउलट भुशाची गाडी आभाळाएवढी फुगलेली दिसते आणि वजनाला काहीच नसते. पोलीस तिला थांबवतात, सळईची गाडी बाजूने निघून जाते.

टायरला मात्र काही फसवता येत नाही. १०.०० आर २० मापाच्या टायरच्या कडेवर बऱ्याचदा १४६/१४३ के असं कोरलेलं असतं. १४६ म्हणजे एकटा बसवला तर ३,००० किलो. १४३ म्हणजे जोडीत बसवला तर प्रत्येकी २,७२५ किलो. के म्हणजे ताशी ११० किलोमीटरपर्यंतचा वेग. जोडीत क्षमता कमी धरतात, कारण दोन टायर कधीच तंतोतंत सारखे नसतात आणि रस्ताही मध्ये फुगीर असतो; एकावर थोडा जास्त भार येणारच. अठरा चाकी गाडीत पुढे घोड्याचे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचे, दोन टायर, त्याच्या मागच्या एक्सलवर चार, आणि ट्रेलरच्या तीन एक्सलवर बारा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एक्सलची १०.२ टनांवरून ११.५ झाली, ट्रेलरच्या तीन एक्सलची मिळून २४ वरून २७ टन. २७ टनांना बाराने भागलं तर टायरमागे २,२५० किलो येतात. इथे टायरला श्वास घ्यायला जागा आहे. पण घोड्याच्या मागच्या एक्सलवर ११.५ टनांना चारने भागा. २,८७५ किलो. १४६/१४३ चा टायर तिथे कायदेशीर भारालाच पुरत नाही. आधीच्या मर्यादेत तो २,५५० किलोवर होता आणि हाताशी थोडं राखून होता. १४९/१४६ सारखे जास्त क्षमतेचे टायर मिळतात, त्यांत जोडीतला टायर ३,००० किलो घेतो. पण मी बघितलेल्या अनेक जुन्या गाड्यांवर टायर जुन्या मापाचे आणि भरती नव्या मर्यादेची, किंबहुना तिच्याही वरची, असं चित्र होतं.

वरची म्हणजे किती? मागच्या तीन एक्सलवर दहा टन जास्त टाका. ३७ भागिले १२, म्हणजे टायरमागे तीन टनांहून थोडं जास्त. जोडीतली मर्यादा केव्हाच ओलांडली. त्यात जोडीतल्या एका टायरची हवा उतरली असेल तर शेजाऱ्याला दोघांचा भार घ्यावा लागतो, जवळपास सहा टन, तोही मुळात एकट्याने तीन टनांसाठी बनलेला असताना. म्हणून फुटलेला टायर पुष्कळदा निर्दोष असतो आणि खरा रोगी त्याच्या शेजारी शाबूत बसलेला असतो. अपघाताच्या जागी मी आता आधी शेजाऱ्याची हवा मोजतो.

ट्रेलरची आणखी एक अडचण मला फार उशिरा समजली. घोड्याचा पुढचा टायर गेला तर स्टिअरिंग सांगतं. ट्रेलरचा मागचा टायर मरत असताना चालकाच्या हाताला काहीच कळत नाही. आरशात धूर दिसेल तेव्हाच. वळणावर तर तीन ताठ एक्सल एकत्र वळू शकत नाहीत, टायर आडवे घासत ओढले जातात. सिलतऱ्यातल्या एखाद्या अरुंद फाटकातून भरलेला ट्रेलर वळताना बघावा. शेवटच्या एक्सलचे टायर कडेवर तिरके झुकतात, रबराचा वास येतो, आणि गाडी अजून महामार्गाला लागलेलीही नसते.

हेच गणित मला आणखी एका ठिकाणी भेटलं. माझा पुतण्या अमेरिकेत असतो, डॅलसजवळ. त्याने सुट्टीत फिरायला दोन एक्सलचा प्रवासी ट्रेलर घेतला, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर. एकदा फोनवर तो टायरबद्दल तक्रार करू लागला, ‘काका, नक्षी नवीकोरी होती हो, तरी पट्टा सोलला.’ मी त्याला भनपुरीत शिकलेले सगळे प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकून चकित झालो. तिथे अशा ट्रेलरसाठी वेगळे टायर असतात, कडेवर एस आणि टी ही अक्षरं असतात, आणि एका एक्सलला दोनच टायर, जोडी नाही. गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच टायर मर्यादेच्या जवळ असतो. मग माणसं पाण्याची टाकी भरतात, भांडीकुंडी, सायकली, जनरेटर चढवतात. पुतण्याने ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर ट्रेलर नेला. तिथे प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं छापून मिळू शकतं. मागचा एक्सल जास्त भरलेला निघाला. पुढे डावी-उजवी बाजू वेगळी तोलून घेतली तेव्हा स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज आणि टाकी एकाच अंगाला असल्याने ती बाजू जड ठरली. टायरच्या कडेवरचे चार आकडे त्याने वाचून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. टायर सहा वर्षांहून जुना होता. वर्षातले बरेच महिने उभा राहणारा टायर नक्षी झिजण्याआधीच म्हातारा होतो. रबराला जपणारी द्रव्यं टायर फिरता राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतात. आपल्या ट्रेलरखाली वर्षानुवर्षं लटकलेली स्टेपनी याच रोगाने मरते, आणि ती ऐन गरजेच्या वेळी चाकावर चढवली जाते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आता हौशी लोक पिकअपवर पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतात. त्यांनी पडद्यांचा रंग ठरवण्याआधी गाडी पूर्ण भरून एकदा काट्यावर न्यावी, हे मी कळकळीने सांगेन.

हे सगळं जमत असताना मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल वाचनात आला. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल दरीत कोसळली आणि एका तरुण माणसाचा जीव गेला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटींची भरपाई दिली. विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणं ही दैवी घटना, असं तिचं म्हणणं. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ते अपील फेटाळलं. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना वापरलेला टायर, तापमान ही टायर फुटण्याची कारणं आहेत, प्रवासाआधी टायर तपासणं हे वाहन चालवणाऱ्याचं काम आहे, आणि त्यात कसूर झाली तर तो मानवी हलगर्जीपणा ठरतो, असा त्या निकालाचा आशय. तो वाचला त्या संध्याकाळी मी माझे जुने अहवाल काढून बसलो. दैवावर सोडलेली कितीतरी प्रकरणं मला त्यांत पुन्हा भेटली.

त्याच वर्षी १ जुलैला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटला, असं चालकाने सुरुवातीला सांगितलं. परिवहन कार्यालयाच्या तपासणीत जागेवर तशा खुणा सापडल्या नाहीत, असं नंतर बातम्यांत आलं. ते वाचून मला स्वतःच्या पेशाबद्दल वाईट वाटलं. टायर फुटला हे कारण इतकं सहज स्वीकारलं जातं की ते सांगून सुटता येतं असं लोकांना वाटावं, ही सवय लावण्यात आम्हा सर्व्हेयरांचाही वाटा आहे.

तर माझं मत दैवाकडून माणसाकडे आलं. पण इथेच थांबलो असतो तर तेही अर्धवट राहिलं असतं, कारण काही दिवस मी प्रत्येक अहवालात चालकालाच धरू लागलो होतो. हवा का पाहिली नाहीस, टायर का तपासला नाहीस. मोटारीच्या चालकाला हे विचारणं रास्त आहे. पण सिलतऱ्याच्या फाटकात अठरा चाकी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला? गाडीत किती माल पडणार हे तो ठरवत नाही. भरती कारखान्याची माणसं करतात, भाडं दलाल ठरवतो, टायर मालक विकत घेतो, माल पोचवायची वेळ तिसराच कोणी सांगतो. बरं, काट्याची पावती एकूण वजनाची असते. एकूण आकडा मर्यादेत असूनही पत्र्याची कॉइल दोन हात पुढे ठेवली तर घोड्याचा मागचा एक्सल जास्त भरतो, आणि पावतीवर याची खूणही नसते. चालकाने ‘जास्त आहे’ म्हटलं तर त्याच्या मागे दुसरा चालक रांगेत उभाच असतो. नागपूरच्या वाटेवर देवरीच्या पुढे रात्री टायर गेला तर जॅक लावायला मात्र तोच खाली उतरतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ मी पूर्वीही वाचलं होतं, पण दंडाच्या आकड्यासाठी. सप्टेंबर २०१९ पासून जादा बोज्याला वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला आणखी दोन हजार दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. आता वाचताना लक्षात आलं की तो दंड वाहन चालवणाऱ्यापुरता नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा हेही त्यात येतात. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये सांगितलं होतं की दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाण्याचा परवाना मिळत नाही, माल उतरवलाच पाहिजे. कायद्याला जे माणसांचं वर्तुळ दिसतं ते माझ्या अहवालात का दिसू नये, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि माझं मत दुसऱ्यांदा हललं.

टायर सदोष नसतोच, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. ते मुख्यतः फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीवर होते आणि नक्षीचा पट्टा सुटून अपघात झाले होते. तिथल्या सरकारी यंत्रणेने २७१ मृत्यूंची नोंद त्याच्याशी जोडली. टायरमध्ये दोष होता हे तपासात निघालं. पण वादात एक दुसराही आकडा होता. फोर्डने त्या टायरला २६ पौंड हवा सांगितली होती, टायरवाल्यांच्या मते ती ३० हवी होती. उष्ण हवामानाच्या राज्यांत, भरलेल्या गाड्यांवर तो दुबळा टायर आधी गेला. सदोष टायरलासुद्धा मारायला बोजा, हवा आणि उष्णताच लागते. म्हणून दोषाची शंका असली तरी या तिन्हींची चौकशी टळत नाही. त्या प्रकरणानंतर तिकडे नव्या मोटारींत हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत माझा एक वाहतूकदार मित्र भेटतो. त्याच्याकडे मोजक्या गाड्या आहेत, कर्जावर घेतलेल्या. त्याला मी हे सगळं ऐकवलं. त्याचं उत्तर मी टाळणार नाही, कारण ते खरं आहे. ‘भाऊ, भाडं टनावर मिळतं. मर्यादेत भरलं तर डिझेल, टोल आणि हप्ता जाऊन माझ्या हातात काय राहतं ते तुम्ही येऊन बघा. मी नाही भरलं तर शेजारचा भरतो.’ यावर माझ्याकडे तयार उपाय नाही. टायरचा खर्च मात्र आम्ही दोघांनी बसून काढला: गेलेले टायर, रिमोल्डला न चालणारी केसिंग, रस्त्यात थांबलेल्या गाडीचे वाया गेलेले दिवस. केसिंग शाबूत असेल तर टायरवर पुन्हा रबर चढवता येतं आणि तिथेच मालकाची खरी बचत असते. जादा बोज्याने आधी तेच जातं. विमाही तिथे फारसा हात देत नाही. नुसता टायर फुटला तर पैसे मिळत नाहीत, गाडीचंही नुकसान झालं तरच टायर विचारात येतो आणि तोही निम्म्या किमतीने. जादा मालाच्या भाड्यातला किती भाग टायरच खाऊन टाकतात हे बघून तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

आता मी अहवाल वेगळा लिहितो. फुटलेल्या टायरचा क्षमतेचा अंक आणि बनावटीचा आठवडा, जोडीदाराची हवा, उरलेल्या सगळ्या टायरची थंड असतानाची हवा, आतल्या बाजूच्या सुरकुत्यांचे फोटो, काट्याची पावती, माल ट्रेलरवर नेमका कुठे ठेवला होता, आणि भरती कोणाच्या आवारात झाली. काही अधिकाऱ्यांना हे लांबण वाटतं, दाव्याशी याचा संबंध काय असं विचारलं जातं. संबंध आहे, आणि मी तो लिहून देतो. जिथे भरती होते त्या फाटकातच एक्सलवार वजन व्हावं आणि गाडी हलण्याआधी थंड टायरची हवा मोजून पावतीवर टाकावी, ही माझी मागणी मी जमेल त्या बैठकीत मांडतो. यंत्रं महाग नाहीत. कारखान्याच्या एका दिवसाच्या मालापुढे तर अजिबातच नाहीत.

माझ्या मित्राने पहाटे निघण्याआधी मीटरने हवा बघायचा नियम केला आहे आणि घोड्याच्या मागच्या एक्सलवर जास्त क्षमतेचे टायर चढवले आहेत. भरती मात्र त्याच्या हातात आलेली नाही. त्याच्या गाड्या अजूनही फाटकातून दोन-तीन टन जास्त घेऊनच बाहेर पडतात. त्यांतली एखादी माझ्याकडे आली, तर त्या अहवालात चालकाच्या आणि मालकाच्या नावाखाली माल भरणाऱ्याचं नावही मी लिहिणार आहे. हे मी त्याला आधीच सांगून ठेवलंय.